दहावं बाळंतपण

साहेब, तुम्ही यादी आधी करता आणि परीक्षा मागाहून घेता.

हे तुमच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती होत नाही, म्हणून इथे लिहून ठेवलंय. जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाची पोरं कुठे कामाला जायची, ते तुमच्या टेबलावर ठरतं. गाई-म्हशींच्या मोठ्या केंद्रावर कोण जाणार आणि कुत्र्या-मांजरांच्या थंडगार खोलीत कोण बसणार, ते तुम्ही दंडाकडे बघून ठरवता. हात किती लांब, मनगट किती जाड! त्या हाताला कळतं किती, हे एकदा तरी विचारलंत? आता ऐका. गोष्ट प्रेमाची आहे. म्हणून ती तुम्हाला झोंबणार नाही, अशा भ्रमात मात्र राहू नका.

तिची नि त्याची पहिली गाठ पडली ती उंची मोजायच्या भिंतीपाशी. प्रवेशाचा दिवस. धडधाकट असल्याचा दाखला घ्यायला पोरांची रांग लागलेली. कंपाउंडरने तिला पट्टीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पुठ्ठा ठेवला, आकडा वाचला. लिहायच्या आधी परत एकदा वाचला.

"ताई, नीट उभ्या आहात ना?"

"नीटच आहे."

"म्हणजे... एवढंच?"

"एवढंच. बाकीचं घरी विसरले."

मागून खर्जातला आवाज आला, "माझ्यातली चार बोटं हिच्या नावावर लिहा हो. मला तशीही दाराची चौकट लागते."

ती गर्रकन वळली. समोर शर्टाचं तिसरं बटण. चेहरा शोधायला मान बरीच वर न्यावी लागली. वर एक ओशाळलेलं हसू होतं... आणि कपाळावर, खरोखरच, चौकट लागल्याचं टेंगूळ.

"मला दान नको," ती म्हणाली.

"दान कसलं? अडगळ आहे ती."

तिला हसू आलं. तिने ते गिळलं. पण गिळताना त्याने पाहिलं, आणि तिथेच पहिली ठिणगी पडली.

आठवड्याभरात वर्गाने दोघांची बारशी उरकली. ती चिमटी, तो खांब.

चिमटीला गुण एवढे होते की माणसांच्या डॉक्टरकीला सहज जागा मिळाली असती. मावशीने कपाळावर हात मारला होता, "एवढा अभ्यास करून शेवटी ढोरंच हाकायची होती, तर आधीच सांगायचंस!" दादा तर तिला पाहिलं की हंबरायचा. एकटे बाबा काही बोलले नाहीत. बाबा कुलपं दुरुस्त करत. बंद कुलपात तार घालून, डोळे मिटून, आत काय अडकलंय ते बोटांनी हुडकत. मावशी गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "माणूस सांगतो कुठे दुखतं ते. मुकं जनावर सांगत नाही. हुशार माणूस तिथेच लागतो." त्यावर आईने चहाचा दुसरा कप तिच्यापुढे सरकवला. घरातला ठराव झाला मंजूर.

पहिल्या वर्षी हाडं. हाडांचा अभ्यास करायची तिथली रीत अशी, की गोणीत सगळी हाडं मिसळून भरायची, न बघता हात घालायचा आणि हाताला लागेल ते हाड कुठलं, कुठल्या जनावराचं, डावं की उजवं, ते सांगायचं. परीक्षेत चुकलं की गेलं. म्हणून तास संपल्यावर जोडीजोडीने सराव चाले. हजेरीतले नंबर लागोपाठ, त्यामुळे चिमटीच्या वाट्याला खांब आला. खोलीत औषधाचा वास असा की डोळे चुरचुरायचे. खिडकीतून तिरपं ऊन यायचं, आणि गोणीच्या दोन बाजूंनी दोघांचे हात आत.

"सांग," तो म्हणायचा.

"खांद्याचं. फावड्याच्या पात्यासारखं. गाईचं."

"घोड्याचं कशावरून नाही?"

"मधल्या धारेला पुढे टोक आहे. घोड्याला नसतं. पुढे चल."

"अबब! आता हे?"

"हे... बारीक आहे. म्हणजे बारीक नाही, मजबूत आहे. लांबट... पुढच्या पायाचं असावं..." ती चाचपत राहिली. मग थांबली. "पण हे गरम का आहे?"

"कारण ते माझं मनगट आहे," तो शांतपणे म्हणाला. "पण तुझं चालू दे. अभ्यासात खंड नको."

तिने लगेच सोडायला हवं होतं. सोडलंही — पण मनातल्या मनात तीनपर्यंत मोजून.

"मग? कुठल्या जनावराचं?"

"उंटाचं," ती म्हणाली, आणि कान लाल झालेत हे लपवायला अख्खं डोकंच गोणीत घातलं.

त्यानंतर तो रोज सरावाला वेळेआधी येऊ लागला. इतरांना वाटलं, पोराला हाडांचा नाद लागला.

तिसऱ्या वर्षी गाय गाभण आहे का, ते मागून हात घालून तपासायला शिकवतात. कॉलेजच्या गोठ्यात एक म्हातारी गाय होती. तिने पोरांच्या कैक पिढ्या शिकवून काढलेल्या. खोड्यात उभी राहून ती मान वळवून बघायची, चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असायचं — चला, उरका एकदाचं. त्या कामाला खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा लागतो. चिमटीला तो खांद्याच्याही वर जायचा आणि घसरून कोपरापाशी गोळा व्हायचा. पहिल्या दिवशी पोरं खिदळली. दुसऱ्या दिवशी खांबाने खिशातून कपडे वाळत घालायचा एक चिमटा काढला, काही न बोलता तिच्या मोज्याची कड उचलली आणि एप्रनच्या खांद्याला चिमट्याने लावून टाकली. त्याची बोटं क्षणभर मानेजवळ थबकली...

"चिमटीला चिमटा," ती म्हणाली.

"निळाच मिळाला. तुला कुठला आवडतो?"

"जो घसरत नाही तो."

आधी खांबाची पाळी होती. त्याने हात घातला, डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या आणि जाहीर केलं, "गाभण! तीन महिने. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लागतंय."

चिमटी दोन विटांवर उभी राहिली. गाल गाईच्या पाठीला टेकला. कुणाचं तरी लांबून येणारं बोलणं ऐकावं, तशी तिची बोटं आत चाचपत गेली.

"फुगा आहे खरा," ती म्हणाली. "पण ते मूत्राशय आहे, आणि तुंबलंय. गर्भाशय त्याच्या वर आहे, रिकामं. खांब्या, बाजूला हो."

"मी सांगतो ना, तीन महि—"

गाईने शेपूट उचललं. खांबाचे बूट, मोजे, पँट, गुडघ्यापर्यंत सगळं न्हाऊन निघालं.

"अभिनंदन!" चिमटी म्हणाली. "मुलगा की मुलगी?"

गोठा हसून हसून आडवा झाला. खांबही हसला. ती हसत होती म्हणून हसला, हे फक्त गाईने पाहिलं असावं. साहेब, तुम्ही त्या दिवशी दारातच उभे होतात. "नशिबाने जमतं कधी कधी," एवढंच म्हणालात आणि निघून गेलात. मुलं तुम्हाला मोठे सर म्हणतात. त्या दिवशी मोठेपणा दाखवायची फुकट संधी होती, तीही घालवलीत.

आता जे खरं पणाला लागलं ते ऐका. मोठ्या केंद्रावर जायचं तर नियम असा, की जनावरांची दहा बाळंतपणं स्वतःच्या हाताने करायची आणि प्रत्येकाची नोंद मोठ्या सरांच्या सहीने आपल्या वहीत घ्यायची. चिमटीला तेच केंद्र हवं होतं. पहिल्या दिवसापासून. कुत्र्या-मांजरांशी तिचं वाकडं नव्हतं, पण अडलेल्या जनावराच्या पोटात हात घालून जिवंत पिल्लू बाहेर आणणं — त्यासाठी ती इथे आली होती. आणि जनावर आलं की हाक जायची मुलांना. "तू वही धर," हे तिला. कामाची पाळी तिची असताना आलेल्या दोन म्हशी मुलांनी मोकळ्या केल्या, तर सर म्हणाले, "ज्याने केलं त्याच्या नावावर." रास्त आहे. ती मान खाली घालून गेली. धडपडत, भांडत, सुट्टीच्या दिवशी गोठ्यात बसून तिने नऊ जमवली. खांबाची तेरा होऊन गेलेली.

यादी लागायला चार दिवस उरले, तेव्हा भर दुपारी एक बाई शेळी घेऊन आली. घेऊन कसली, कडेवर उचलून पळतच आली. सकाळपासून अडलेली शेळी, पिल्लाचे पुढचे दोन पाय बाहेर, डोक्याचा पत्ता नाही. पाळी खांबाची होती. त्याने हात धुतले, प्रयत्न केला, आणि ओंजळीएवढा पंजा मागे घेतला. मग मोठे सर आले. त्यांचाही पंजा बोटांच्या पेरांपुढे जाईना. शेळी अशी ओरडली की बाईने पदराने स्वतःचे कान झाकले.

"पोट फाडावं लागेल," सर म्हणाले. "तयारी करा."

"फाडू नका हो साहेब, म्हातारी आहे ती, टिकायची नाही..."

"सर, मी बघू?" चिमटी पुढे झाली.

"तुझा हात पुरेल का?"

"शेळी आहे सर. हत्ती नाही."

एरवी सरांनी हाकलली असती. पण बाई रडत होती आणि वेळ जात होता. चिमटीने कोपरापर्यंत साबण चोळला. खांबाने शेळीला छातीशी धरलं, मागचा भाग जरा उंच करून. ती गुडघ्यांवर बसली. हात आत गेला. असा गेला, जसा तो तिथलाच होता. डोळे मिटले.

"मान मागे वळलीय," ती पुटपुटली. "डाव्या बाजूला. हा कान... हा डोळा... पाय आधी आत ढकलते. खांब्या, तिला कळ आली की सांग."

"आली... थांब. आता गेली."

"जबडा लागला. बोट तोंडात जातंय..." आणि तिचा आवाज एकदम बदलला. "चोखतंय! अरे, माझं बोट चोखतंय. जिवंत आहे!"

शेळीच्या पाठीवरून खांबाने तिच्याकडे पाहिलं. घामाने केस कपाळाला चिकटलेले, गालाला साबण, डोळे मिटलेले आणि चेहराभर हसू. पाच वर्षं जे जिभेच्या टोकाशी येऊन परत फिरत होतं, ते तेव्हाच बाहेर पडलं असतं. पण शेळीला कळ आली, आणि त्याला "आली!" एवढंच म्हणता आलं.

नाक पुढे, पाय पुढे, एक लांब ओढ, आणि करडू गवतावर. तिने त्याचं नाक पुसलं, छाती चोळली. ते शिंकलं. तिने लगेच हात परत आत घातला, "अजून एक आहे," आणि दुसरंही आणलं. बाईने तिचे दोन्ही माखलेले हात स्वतःच्या गालांना लावले.

संध्याकाळी दवाखान्याच्या नोंदवहीत लिहिलं गेलं — शेळी, प्रसूती, दोन करडं, दोन्ही जिवंत. करणारा: खांब. कारण काय, तर पाळी त्याची होती.

साहेब, म्हशींच्या वेळी ज्याने केलं त्याचं. शेळीच्या वेळी ज्याची पाळी त्याचं. तुमचा नियम म्हणजे अळवावरचं पाणी, उतार तिकडे धाव.

चिमटीने ते वाचलं. रडली नाही. वही मिटली आणि सरांशी काय बोलायचं ते दोन दिवस मनाशी जुळवत बसली. पण तिच्याआधी सरांच्या खोलीत खांब जाऊन आला. तिला न विचारता. आणि तिसऱ्या दिवशी सरांकडे तपासायला दिलेली तिची वही परत आली, त्यात दहावी नोंद होती, सही होती... आणि सहीखाली लाल शाईत दोन शब्द — 'विशेष सवलत'.

शेळ्यांच्या वाड्यामागे नळ आहे. खांब तिथे बूट धूत होता. तिने वही त्याच्या नाकासमोर धरली. म्हणजे धरायला गेली, ती छातीपर्यंतच पोहोचली.

"हे काय आहे?"

त्याचा चेहरा उजळला. "झालं? सही झाली? मी म्हटलं होतं सरांना—"

"काय म्हटलं होतंस?"

"की... द्या तिला. एवढी एक नोंद द्या. माझी तेरा आहेत, मला काय करायचीय. हात जोडले जरा..."

"हात जोडलेस? माझ्या कामासाठी? मी केलेल्या कामासाठी?"

"अगं, पण मिळालं ना!"

"काय मिळालं? वाच. मोठ्याने वाच."

त्याने वाचलं. मोठ्याने नाही वाचता आलं.

"आता केंद्रावर जाईन तिथे ही वही माझ्याआधी पोहोचेल," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी विचारतील, सवलतीवाली कोण? मी दोन जीव बाहेर काढले, खांब्या. आणि तू ते मला भीक म्हणून आणून दिलेस. तुला माझी दया आली."

"दया?" त्याने बूट खाली टाकला. नळ वाहतच राहिला. "तुझी दया? ज्या मुलीने भर गोठ्यात मला वासराचा बाप केला, तिची? दया मला माझी येते! यादीत माझं नाव लागणार, तुझं नाही, आणि मी तिकडे वर्षभर... कुणाबरोबर... मोज्याला चिमटा कुणाच्या लावायचा मी?" तो थांबला. कानापर्यंत तांबडा झाला. "स्वार्थ होता. शुद्ध स्वार्थ. मला तू हवी होतीस. तिथे. म्हणजे इथेही. म्हणजे... सगळीकडेच."

नळाचं पाणी तिच्या चपलांपर्यंत आलं. ती हलली नाही.

"हे पाच वर्षांत एकदा तरी सरळ सांगता येत नव्हतं?"

"तू मान वर करून बघतेस ना... तेव्हा सगळं विसरायला होतं."

"मग खाली बस."

तो खरंच बसला, नळाजवळच्या ओल्या दगडावर. आता दोघांचे डोळे समोरासमोर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्याच्या पापण्या इतक्या लांब आहेत, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुझ्या वतीने बोलायला नको होतं. सांग, आता काय करू? सरांकडे जातो, सांगतो की मी फक्त शेळी धरली होती—"

"काही करू नकोस. तेवढंच शिकायचं राहिलंय तुझं." तिने ओल्या बोटाने त्याच्या कपाळावरची केसांची बट बाजूला सारली. "विचारतील तेव्हा खरं सांग. पण ते मी विचारायला लावेन. तू नाही."

"चिमटे, उद्या यादी लागतेय. तू वाद घातलास तर सर ही नोंदसुद्धा खोडतील. नऊच राहतील."

"राहू देत."

"केंद्र जाईल."

"जाईल." तिने वही छातीशी धरली. "मला ते किती हवंय, तुला ठाऊक आहे. पण असं नको."

त्याने हात लांबवून वाहता नळ बंद केला. मग हळूच म्हणाला, "आणि माझं काय? मी जे म्हटलं... त्याचं?"

"तू विचारलंस कुठे काही? नुसती माहिती दिलीस."

"बरं. विचारतो. माझ्याबरोबर... आयुष्यभर... म्हणजे चालेल का तुला?"

"डावं की उजवं, ते नीट सांगितल्याशिवाय गुण मिळत नाहीत."

"लग्न करशील का माझ्याशी?"

"हो," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की दोघंही दचकले. मग ती वाकली, त्याच्या गालावर ओठ टेकवले — मनात तीनपर्यंत मोजायचं होतं, पण मोजणं जमलंच नाही — आणि वही घेऊन निघाली.

"मी येऊ?" मागून हाक आली.

"दारापर्यंत."

मोठ्या सरांच्या खोलीत पंखा घरघरत होता. टेबलावर उद्याची यादी टाइप होऊन पडलेली. सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि हसले. "ये. झालं ना तुझ्या मनासारखं? आभार मानायला आलीस?"

"नाही सर."

तिने वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. लाल शाईच्या त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. अंगठ्याच्या बेचक्यात साबणाने कातडी अजून सोललेली होती. दारात चौकटीखाली मान वाकवून तो उभा होता, एक अक्षर न बोलता.

"त्या दिवशी तुमचा हात आत जात नव्हता, सर. माझा गेला. दोन्ही करडं जिवंत आहेत, बाई त्यांना घेऊन घरी गेली. म्हणून एवढंच विचारायला आलेय."

सरांचं हसू चष्म्यामागे विरलं. ती बोट न उचलता म्हणाली,

"सवलत कुणी कुणाला दिली? सांगा ना, सर. मी उभी आहे."